तीन सुऱ्या, दोन हात: सोलापुरात आणखी कुणी जगलिंग करतं का?

तीनचेंडू (रविवार, रात्री ९.५०)

नमस्कार. अशोक चौकाच्या मागे राहतो, वय ३१. दिवसा एका टॉवेल कारखान्यात पॅकिंग आणि चलनं बघतो. लॉकडाऊनमध्ये माग बंद होते तेव्हा जुन्या मोज्यांत तांदूळ भरून तीन चेंडू शिवले आणि मोबाईलवर बघत फेकायला शिकलो. तीन चेंडू हातात बसायला अकरा दिवस लागले. मग पाण्याच्या बाटल्यांत झाडूच्या दांड्या घालून तीन क्लब, म्हणजे फेकायचे दांडके, केले, त्यावर दीड वर्ष काढलं. गेल्या दिवाळीपासून सुऱ्या फेकतोय. तीन सुऱ्या, सलग चाळीस-पन्नास झेल होतात. त्यापुढे लक्ष हलतं, मग मी स्वतःहून थांबतो.

धागा काढायचं कारण असं. आमच्या भागातल्या एका मंडळानं गणपतीत दहा मिनिटं द्यायचं कबूल केलं होतं. सराव बघायला चौघं आले. चेंडू बघून खूश झाले, क्लबना टाळ्या पडल्या. सुऱ्या काढल्या तसे दोघं मागं सरकले आणि एक काका म्हणाले, "हे नको. याला कला म्हणत नाहीत, जिवाशी खेळ म्हणतात." कार्यक्रम गेला त्याचं वाईट वाटलंच, पण ते वाक्य आठ दिवस झाले तरी डोक्यातून जात नाही.

ज्यांनी कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रत्येक सुरी या हातातून त्या हातात जाते, हवेत आडवा आठ तयार होतो. जाताना ती एक पूर्ण गिरकी घेते आणि मूठ परत तळहातात येते. मी वापरतो त्या सुऱ्यांना धार नाही, मीच घासून काढली. पण वजन आणि टोक आहेच. तीन सुऱ्या हवेत असताना डोक्यात दुसरा एकही विचार टिकत नाही, आणि समोर बसलेल्या माणसाचंही तसंच होतं, हे मी गल्लीतल्या पोरांच्या चेहऱ्यावर पाहिलंय. माझ्यासाठी ही कला आहे.

सोलापुरात आणखी कुणी करतं का? नीट तोललेल्या सुऱ्या कोण घडवून देईल? आणि कायद्याचं काय?

शेंगाचटणी (रविवार, रात्री १०.१५)

वाचूनच पोटात गोळा आला. आई आहे ना रे घरी? ती काय म्हणते?

तीनचेंडू (रविवार, रात्री १०.३२)

आई विड्या वळते, ताई. पहिल्या दिवशी "काय करूलालास रे, बोटं गेली तर भात कुठल्या हातानं खाशील?" म्हणाली आणि दोन आठवडे भिंतीकडं तोंड करून बसली. पण कान इकडंच. मूठ हातात बसली की एक आवाज येतो, त्यावर ती मोजायला लागली, ओकटी, रेंडू, मूडू. आम्ही घरात तेलुगू बोलतो. जुडी बांधताना पंचवीस मोजायची तिची सवय, त्यामुळं पंचवीस झाले की ती "झालं, ठेव" म्हणते. अजूनही पंचविसाला माझा हात एक क्षण अडखळतो.

स्पष्टवक्ता (रविवार, रात्री ११.०५)

ते काका बरोबर बोलले. धार असेल तर हा वेडेपणा, धार नसेल तर लोकांची फसवणूक. तिसरी शक्यता मला दिसत नाही. सर्कसवाले एक धारदार सुरी वेगळी ठेवतात, तिनं काकडी कापून दाखवतात आणि फेकतात मात्र बोथट. त्यात कला कुठं आली?

वर्गफळा (सोमवार, सकाळी ६.४०)

अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. रात्री धागा वाचला आणि आकडेमोड केल्याशिवाय झोप आली नाही.

सुरी हातापासून ६० सेंमी वर गेली, म्हणजे साधारण डोळ्यांच्या पातळीला, तर ती हवेत ०.७ सेकंद राहते. तेवढ्यात तिला बरोबर एक गिरकी पूर्ण करायची आहे. हातातून सुटल्यावर गिरकीचा वेग बदलत नाही. फिरवायचं तेवढं मनगटानं फिरवून झालेलं असतं, हवेत दुरुस्ती नाही. आता तीच सुरी फक्त १० सेंमी जास्त वर गेली असं धरा. हवेतला वेळ ०.७५ सेकंदांवर जातो आणि सुरी जवळपास २९ अंश जास्त फिरून येते. २० सेंमी जास्त गेली तर ५५ अंशांच्या वर. अर्धी गिरकी चुकली तर हातात पातं येणार.

म्हणजे धार असो वा नसो, या माणसाला दर फेकीला उंची वीतभरसुद्धा चुकवून चालत नाही, आणि तीही दोन्ही हातांनी, सेकंदाला जवळपास तीन फेकी. स्पष्टवक्ता, फसवणुकीला जागा कुठं आहे ते मला सांगा.

दुसरी गंमत. क्लॉड शॅनन यांचं नाव संगणक शिकलेल्यांनी ऐकलं असेल, माहितीशास्त्राचा पाया त्यांनी घातला. ते स्वतः जगलिंग करायचे, चेंडू झेलणारं यंत्रही त्यांनी बनवलं होतं. त्यांचं सूत्र मी मराठीत असं लिहीन:

(हवेतला वेळ + मुठीतला वेळ) × हात = (रिकाम्या हाताचा वेळ + मुठीतला वेळ) × वस्तू

हवेत ०.७ सेकंद घाला, दोन हात, तीन सुऱ्या. मुठीतला वेळ ०.३५ धरला तर रिकामा हातही बरोबर ०.३५ येतो. जेवढा वेळ हात भरलेला, तेवढाच मोकळा. वर्गात हे उदाहरण देणार आहे. सुऱ्या न्यायची परवानगी मिळणार नाही, डस्टरवर भागवेन.

तीनचेंडू (सोमवार, सकाळी ७.१०)

मॅडम, कामावर जाता जाता वाचतोय. ते २९ अंश माझ्या हाताला माहीत होते, आकडा आज कळला. मूठ थोडी तिरकी आली तर घेतो. जास्त फिरली की सोडून देतो, दोन्ही हात वर आणि एक पाऊल मागं. पडणाऱ्या सुरीमागं हात न्यायचा नाही, ही सवय लागायला मला सुऱ्या झेलण्यापेक्षा जास्त दिवस लागले. घरात ग्लास पडला तर आपण झडप घालतोच ना? ती झडप अंगातून काढावी लागते. क्लबवर असताना मी मुद्दाम रोज वीस वेळा पाडायचो.

स्पष्टवक्ता, काकडीचा प्रकार मलाही पटत नाही. मी करत नाही आणि करणार नाही. मी आधीच सांगतो, धार काढलेली आहे.

स्पष्टवक्ता (सोमवार, सकाळी ९.२०)

आधीच सांगितलंत तर कोण बघेल? भीती हाच तर त्यातला माल आहे.

होममैदान (सोमवार, दुपारी १.४५)

आमच्या घरातले दोघं गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज पेलणाऱ्यांत आहेत, म्हणून राहवलं नाही.

बाहेरगावच्यांसाठी: मकर संक्रांतीला सिद्धरामेश्वरांची यात्रा भरते. सात नंदीध्वज, एकेक काठी तीसेक फूट उंच, वर सजावट. ती एका माणसाच्या कमरेच्या पट्ट्यावर उभी असते आणि तो गर्दीतून चालत जातो. आजूबाजूला माणसं असतात, पण तोल त्याचा एकट्याचा. यात्रेआधी रात्री-रात्री सराव चालतो. मी पोरवयात काठीला हात लावला तेव्हा चुलते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे, "हाताकडं बघू नको, शेंड्याकडं बघ." बुडाला काय होतंय ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो. शेंडा आधी सांगतो.

तुमचं काय, नजर कुठं असते?

तीनचेंडू (सोमवार, रात्री ८.३०)

दादा, अंगावर काटा आला. शेंड्यावरच!

हातांकडं मी बघतच नाही. सुरी जिथं सगळ्यात वर जाते, जिथं ती क्षणभर थांबल्यासारखी वाटते, तिथं नजर. तिथं मूठ कुठल्या कोनात आहे ते दिसलं की बाकीचं हात करतो. तीन चेंडू शिकताना पहिले आठ दिवस मी हातांकडं बघत होतो आणि सगळे चेंडू कॉटखाली जात होते. नवव्या दिवशी खिडकीच्या वरच्या गजाकडं बघत फेकले आणि एकदम बसले. सोलापूरच्या माणसाला हे शिकवायला मोबाईल कशाला लागला, असं आता वाटतंय.

कानस (सोमवार, रात्री ९.५५)

चिंचोळी एमआयडीसीत टर्नर-फिटर, बावीस वर्षं. सुऱ्यांचं मी बघतो.

बाजारातली किचनची सुरी फेकू नका. मूठ हलकी, पातं पातळ, तोल भलतीकडं. पातं ३० सेंमी लांब, ४ सेंमी रुंद, ३ मिमी जाड पट्टीचं घेऊ. लोखंडात ते २८० ग्रॅम भरेल, अ‍ॅल्युमिनियममध्ये १०० च्या आत. मी म्हणेन अ‍ॅल्युमिनियम, पॉलिश केलं की लांबून स्टीलसारखंच चमकतं. पात्याची जीभ मुठीच्या शेवटापर्यंत न्यायची, तीन रिव्हेट. नुसती ठोकून बसवलेली मूठ फेकाफेकीत सैल होते आणि पातं निसटून समोरच्याकडं जातं, खरा धोका तो. कडा गुळगुळीत कानशीनं गोल, बर (कापल्यावर कडेला राहणारी खरखरीत कणी) अजिबात राहता कामा नये, बोटानं नाही तर कापसानं तपासायची. कापूस अडकला की परत कानस. टोक एक रुपयाच्या नाण्याच्या गोलाईचं. मुठीवर सायकलच्या हँडलची टेप. आणि तिन्ही सुऱ्या एकाच तराजूवर, फरक ५ ग्रॅमच्या आत.

कोर्टगल्ली (मंगळवार, सकाळी १०.३०)

कानस, थांबा. ३० सेंमी करू नका.

शस्त्र नियमांत धारदार शस्त्रांच्या वर्गात ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे. घरगुती, शेती, उद्योगाच्या वापरासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळली आहेत, पण तुमची सुरी यांपैकी कशातच बसत नाही. धार नाही हा मुद्दा तुमच्या बाजूचा. तरी चौकात पिशवी उघडली गेल्यावर तो मुद्दा मांडायची वेळच का आणायची? पातं २२ सेंमी ठेवा, रुंदी ४ चालेल.

दुसरं, हे जास्त महत्त्वाचं. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचे आदेश निघतात, सणावाराच्या दिवसांत हमखास. आदेश चालू असताना सुऱ्या घेऊन रस्त्यानं जाणं अंगाशी येऊ शकतं. खेळ खासगी जागेत ठेवा. सार्वजनिक जागी करायचा असेल तर आयोजकानं पोलीस ठाण्यात आधी लेखी अर्ज द्यावा, त्यात "बोथट, अ‍ॅल्युमिनियमच्या" असं स्पष्ट लिहावं, सोबत फोटो जोडावा, आणि पोच घेतलेली प्रत सुऱ्यांच्या पेटीतच ठेवावी. पेटीला कुलूप हवं.

कानस (मंगळवार, दुपारी १.१०)

वकीलसाहेब, मान्य. २२ सेंमीत अ‍ॅल्युमिनियमचं पातं ७० ग्रॅमच्या आसपास येतं, फार हलकं. मग मूठ सागवानाची करतो आणि पट्टी ५ मिमीची घेतो, म्हणजे पातं ११५-१२० ग्रॅम. तोल मुठीच्या पुढं दोन बोटांवर येईल असं बघतो. पैसे साहित्याचेच द्या.

जुनीपेठ (मंगळवार, रात्री १०.०५)

कला की जिवाशी खेळ, हा वाद फार जुना आहे. इजिप्तमध्ये बेनी हसन इथल्या एका थडग्याच्या भिंतीवर चेंडू झेलणाऱ्या बायका रंगवल्या आहेत, सुमारे ४००० वर्षांपूर्वीच्या. आणि थेट तुमच्या विषयातलं उदाहरण चीनचं. प्राचीन ग्रंथ 'लिएझी'त सोंग राज्याच्या राजापुढं एक खेळगडी येतो. अंगाच्या दुप्पट लांबीच्या काठ्या पायांना बांधून तो पळतो आणि सात तलवारी फेकतो, त्यातल्या पाच कायम हवेत. राजा खूश होऊन सोनं देतो. गोष्टीचा पुढचा भाग कुणी सांगत नाही. दुसरा एक कसरतपटू बक्षिसाच्या आशेनं त्याच राजाकडं जातो, तर राजा चिडून त्याला कैदेत टाकतो. कलावंताचं नशीब राजाच्या त्या दिवशीच्या मनावर. डॉ. कोटणीसांच्या गावात चीनची गोष्ट सांगायला मला नेहमीच आवडतं.

आपल्याकडचं सांगायचं तर विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली मुंबईत आपल्या सर्कशीचा पहिला खेळ केला. पुढं सांगली-तासगाव-म्हैसाळचा भाग सर्कसवाल्यांचाच झाला. ती परंपरा आपल्या शेजारच्या जिल्ह्यातली आहे. लहानपणी होम मैदानावर तंबू लागला की आम्ही शाळेतून परस्पर जायचो. सुऱ्या झेलणारा माणूस मी तिथंच पाहिला. फळ्यापुढं बाई उभी करून भोवती सुऱ्या मारतात तो खेळ वेगळा. त्यात भीती बाईच्या वाट्याला येते, कौतुक फेकणाऱ्याच्या. झेलणाऱ्याचं तसं नाही, जे काही होईल ते त्याचं त्याला. म्हणून मला हा खेळ जास्त सच्चा वाटतो.

पालावरून (मंगळवार, रात्री ११.४०)

लिहू की नको असा विचार दोन दिवस केला.

माझे आजोबा तीन सुरे झेलायचे. मोहोळ, बार्शी, पंढरपूरच्या बाजारात. आजी ढोलकी वाजवायची, वडील आणि आत्या दोरीवर चालायचे. जगलिंग हा शब्द आमच्यात कुणी ऐकला नव्हता. "झेल" म्हणायचे. सुऱ्यांना धार नव्हती, आजोबा दगडावर घासून मारायचे. लोकांना तसं सांगायचेही, "बोथट आहे मायबाप, पण वजन बघा," म्हणून सुरा गर्दीत फिरवायला द्यायचे.

त्यांना तीनदा पकडून नेलं. चोरी नाही, मारामारी नाही. १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा वाचा. गाणं, नाच, भविष्य सांगणं, खेळ करून दाखवणं यांच्या निमित्तानं सार्वजनिक जागी पैसे घेणंही त्यात भीक धरलं आहे. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ साली त्यातली गुन्हा ठरवणारी कलमं दिल्लीपुरती रद्द केली. आजोबा त्याच्या किती तरी आधी गेले.

मी आज शिक्षिका आहे. वडिलांनी दोरी सोडली म्हणून मी शिकले, त्यामुळं लहान मुलांना रस्त्यावर खेळ करायला लावणं परत यावं असं मी कधीच म्हणणार नाही. पण तुमच्या मंडळातल्या काकांनी "ही कला नाही" म्हटलं, ते तुम्हाला आठ दिवस टोचलं. आमच्या घराला ते तीन पिढ्या ऐकावं लागलं. तुम्ही मंचावर उभे राहाल तेव्हा एवढंच सांगा, की हे सोलापुरात तुमच्या आधीही कुणीतरी करत होतं.

तीनचेंडू (बुधवार, पहाटे ५.२०)

ताई, रात्रभर डोळा लागला नाही. मी पहिल्याच पोस्टमध्ये विचारलं, सोलापुरात कुणी करतं का. मला वाटत होतं मी पहिला.

सांगेन. नक्की सांगेन. आजोबांचा शब्दही वापरू का? "झेल". तुमची हरकत नसेल तरच.

पालावरून (बुधवार, सकाळी ७.००)

वापरा. आत्याला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, फेकताना खांदा हलता कामा नये, कोपर बरगडीला चिकटलेलं पाहिजे, असं सांग त्या पोराला.

शेंगाचटणी (बुधवार, सकाळी ८.१५)

आमची सोसायटी जुळे सोलापूरला आहे. कोजागिरीला गच्चीवर दूध असतं, साठेक माणसं. मी सेक्रेटरीशी बोलते. पण मुलं पुढं बसणार नाहीत, आणि तुझ्या आईला घेऊन यायचं.

कोर्टगल्ली (बुधवार, सकाळी ९.४०)

खासगी गच्ची, निमंत्रित माणसं, हे उत्तम. तरी सोसायटीचं पत्र घ्या.

वर्गफळा (बुधवार, संध्याकाळी ६.३०)

प्रेक्षक निदान चार मीटर लांब ठेवा. डोळ्यांच्या उंचीवरून निसटलेली सुरी जमिनीवर आपटून उडते, गच्चीच्या फरशीवर तर जास्तच. खाली सतरंज्यांचे दोन-तीन थर टाका.

कानस (आठ दिवसांनी, रात्री ८.२०)

तिन्ही झाल्या. २३१, २३३, २३२ ग्रॅम. कापूस कुठंही अडकत नाही.

शेंगाचटणी (कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी १०.००)

कार्यक्रम झाला, तर मीच लिहिते, तो लिहिणार नाही.

सोलापुरी चादरींचे तीन थर खाली घातले होते. पुढं दोरी. आधी चेंडू, मग क्लब. मग त्यानं पेटी उघडली आणि सांगितलं, यांना धार नाही, वजन आणि टोक आहे, हातात घेऊन बघा. सुरी अख्ख्या गच्चीवर फिरून आली. मला वाटलं आता मजा गेली. ताईंच्या आजोबांचं सांगितलं, नाव न घेता, बाजार आणि ढोलकीसकट. मग फेकायला लागला.

स्पष्टवक्ता, तुम्ही विचारलं होतं आधी सांगितल्यावर कोण बघेल. दूध आटवणाऱ्या बाईंनी गॅस बंद केला, एवढंच सांगते. धार नाही हे माहीत असूनही श्वास अडकला होता. मी मात्र घाबरले नव्हते. साडी नेसताना निऱ्या पडाव्यात तसं एकामागून एक पडत होतं ते, आणि थांबू नये असं वाटत होतं.

तेविसाव्याला एक सुटली. हात वर, एक पाऊल मागं, जसं त्यानं इथं लिहिलं होतं तसंच. सुरी चादरीवर पडली. कुणी ओरडलं नाही. तो वाकला, उचलली, मूठ टॉवेलनं पुसली आणि पहिल्यापासून सुरू केलं. मागून त्याची आई परत ओकटी, रेंडू म्हणायला लागली, आणि पाच-सहा झाल्यावर मुलंही म्हणायला लागली. तेलुगू न येणारी सगळी.

स्पष्टवक्ता (सकाळी ११.२५)

वाचलं. सुरी हातात देऊन मग खेळ केला, हे मला आवडलं. फसवणुकीचा शब्द मी मागं घेतो. सुऱ्या लहान मुलांसमोर असाव्यात का, याबद्दल माझं मत तेच आहे.

तीनचेंडू (रात्री ९.१५)

तुमचं मत मलाही पटतं. म्हणून ठरवलंय, सोळा वर्षांखालच्या कुणालाही सुऱ्या शिकवणार नाही, क्लबवर वर्ष काढल्याशिवाय मोठ्यांनाही नाही. काल सहा मुलांनी विचारलं. त्यांना चेंडू.

सोसायटीनं गच्ची रविवारी सकाळी सात ते आठ दिली आहे. ताई, तुमच्या आत्याला जमत असेल तर घेऊन या. माझं कोपर अजून सुटतं, चार दिवस आरशात बघतोय.

पालावरून (रात्री ९.४०)

आत्या बासष्टची आहे, जिना चढेल. तिनं विचारलंय, तिच्या हाताला झेपतील असे हलके सुरे आहेत का.

कानस (रात्री ९.४४)

शनिवारपर्यंत करतो. मुठीसाठी तिच्या तळहाताचं माप पाठवा.